आबांचा स्टँड-टू

माझे सासरे आमच्याकडे, मेलबर्नच्या कडेला टार्निटला, तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि पावणेदोन वर्षं राहिले. दोष त्यांचा नाही, विमानंच बंद पडली. सासूबाईही येणार होत्या, पण म्हैस व्यायला झाली होती, आणि म्हशीला टाकून त्या स्वर्गातही जायच्या नाहीत, तर ऑस्ट्रेलियाचं काय घेऊन बसलात. त्यामुळे आबा एकटेच आले. कस्टमवाल्यांनी अर्धी रिकामी केलेली एक बॅग, आणि पायात आरशासारखे चकाकणारे काळे बूट.

आबा पायदळातले. साताऱ्याकडच्या गावांत घरटी एक तरी फौजी निघतो, आमच्या घरातले ते. पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि मधे लंकेतल्या यादवीत जाऊन एक मेडल घेऊन आले. माझं लग्न ठरत होतं तेव्हा या मेडलचं वर्णन मी तीन वेगवेगळ्या मावश्यांकडून ऐकलं होतं. प्रत्यक्षात ते गावी देव्हाऱ्यात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या शेजारी असतं. दर दसऱ्याला सासूबाई देवांबरोबर त्यालाही चिंच आणि रांगोळी लावून घासतात. देव पितळेचे, त्यांना सवय आहे. मेडल बिचारं इतक्या वर्षांत सपाट झालंय, त्याच्यावरचं एक अक्षर आता लागत नाही. आबांना त्याचं काही नाही. “चकाकतंय ना?” एवढंच विचारतात.

लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, आबा सोडून. मी सॉफ्टवेअर टेस्टर, माझं ऑफिस डायनिंग टेबलवर आलं. मुलगी दुसरीत, तिची शाळा आयपॅडवर आली. नवरा किराणामालाच्या वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर, त्याला मात्र रोज जावंच लागायचं. मी दिवसातून चार वेळा वैतागायचे आणि आबा मला समजुतीने म्हणायचे, “अगं, जागा मर्यादित, शिधा मोजका, भाईर जायचं तर परवानगी. यात नवीन काय हाय?” पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं स्वयंपाकघरातलं कपाट रिकामं करून डबे असे लावले की डोळे मिटून हात घातला तरी तूरडाळच हाती यावी. मला राग आला होता. अजूनही डबे त्यांनी लावले तसेच आहेत.

करमावं म्हणून मी त्यांना मागच्या अंगणात मेथीसाठी एक वाफा खणायला सांगितला. टार्निटची माती काळी, चिकट आणि दगडाळ. सगळे शेजारी तिला शिव्या देतात. आबांनी एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं, वास घेतला आणि म्हणाले, “ही तर आपल्याकडचीच.” मग ते कामाला लागले. मी मीटिंगमध्ये होते. संपवून बाहेर येऊन बघते तर आबांचं फक्त डोकं दिसत होतं. त्यांनी छातीएवढा खोल मोर्चा, म्हणजे फौजी खंदक, खणला होता, कडा चापून चोपून, माती कुंपणाच्या बाजूला रचलेली, कोपर टेकायला जागासुद्धा केलेली.

“आबा, मेथीला वीतभर पुरतं.”

त्यांनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “हात लागला की थांबतच न्हाय बघ,” म्हणाले, आणि मनापासून हसले. माझी मुलगी पुढचे दोन आठवडे त्या खड्ड्यात तिची ऑनलाइन शाळा करत होती. तिच्या टीचरला वाटलं, आम्ही तळघर बांधलंय.

आबांची एक सवय मात्र आम्हाला कळत नव्हती. रोज पहाटे, उजाडायच्या आधी, ते पूर्ण कपडे करून, बुटांच्या नाड्या बांधून मागच्या अंगणात कुंपणाकडे तोंड करून उभे राहायचे. हात जोडलेले नाहीत, ओठ हलत नाहीत, फक्त उभे. मला वाटायचं सूर्यदर्शन. मुलगी खिडकीतून सांगायची, “आबा इज डूइंग द स्टॅच्यू थिंग अगेन.” तेव्हा नवऱ्याची शिफ्ट दुपारची असायची. तो कॉफीचा मग घेऊन त्यांच्याजवळ जाऊन उभा राहायचा आणि थोड्या वेळाने दोघं आत यायचे. त्यामुळे मीही कधी चौकशी केली नाही.

उलगडा झाला एप्रिलमध्ये. अँझॅक डेला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, इथे पहाटे स्मारकांपाशी गर्दी जमते. त्या वर्षी गर्दीला बंदी होती, म्हणून लोकांनी आपापल्या ड्राइव्हवेवर मेणबत्ती घेऊन उभं राहायचं ठरवलं. मला हे ठाऊक होतं, आबांना सांगायचं राहून गेलं. पुढच्या बाजूने कुणाच्या तरी रेडिओवर बिगुल वाजला तसे आबा घराला वळसा घालून पुढे आले. बघतात तर काय, अख्खी गल्ली उभी. अंधारात, गप्प, बरोबर त्यांच्याच वेळेला, घराकडे पाठ करून. आमची पंजाबी शेजारीण, पलीकडचं फिलिपिनो कुटुंब, समोरचे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, स्वतःच्या आजोबांची मेडलं इथल्या रीतीप्रमाणे छातीच्या उजव्या बाजूला लावून. आणि प्रत्येकाच्या हातात उजेड.

आबा सरळ रस्ता ओलांडून गेले आणि त्या ट्रक ड्रायव्हरच्या हातातली मेणबत्ती त्यांनी दोन बोटांनी विझवली. मग हाताने खूण केली, खाली वाका.

मी सपाता घालून धावले. करोनाचं दीड मीटरचं अंतर तर आबांनी केव्हाच तुडवलं होतं. “आबा, काय करताय?”

“स्टँड-टू हाय ना हा? मग बत्ती कशाला? लांबनं मुंडकी दिसत्यात सगळ्यांची.”

पायदळात पहाटेची वेळ हल्ल्याची. म्हणून उजाडायच्या आधी सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात उभं राहायचं, पूर्ण उजाडेपर्यंत, याला स्टँड-टू म्हणतात. हे मला आबांनी तिथेच, रस्त्याच्या मधोमध समजावलं. संध्याकाळचाही असतो म्हणे, पण तो सासूबाईंच्या मालिकांमुळे कधीच बंद पडला होता. मी शरमेने अर्धी होऊन त्या गृहस्थांना इंग्रजीत सांगितलं की हे इन्फंट्रीत होते आणि यांचं म्हणणं असं आहे की स्टँड-टूला दिवे लावत नाहीत. ते म्हणाले, “फेअर इनफ, मेट,” आणि मागे वळून बायकोलाही मेणबत्ती विझवायला सांगितली. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तासन् तास बोलायचे.

इथवर सगळी गंमतच होती. मग हिवाळा आला, दुसरा लॉकडाऊन आला, आणि नवऱ्याची शिफ्ट पहाटेची झाली. तो अंधारातच गाडी काढून जायचा. आबा आता अंगणात एकटे उभे राहायला लागले, आणि आत येईनात. उजाडायचं, कुंपणापलीकडच्या अर्धवट बांधलेल्या घरांवर सुतार ठोकाठोक सुरू करायचे, मुलीची शाळा भरायची, तरी हे तिथेच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारायचे, “आबा, चहा झाला.” मान हलवायचे आणि उभे राहायचे. मेलबर्नचा हिवाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, वारा हाडात शिरतो. जुलैमध्ये एकदा आत आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते आणि अंगात ताप होता.

त्या दिवसांत ताप म्हणजे काय होतं ते सगळ्यांना आठवत असेल. गाडीत बसून नाकात काडी घालून घेतली, आबांना एका खोलीत ठेवलं, ताट दाराबाहेर. रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, छातीत सर्दी भरलीय, सकाळचं बाहेर उभं राहणं बंद. आबा “व्हय, व्हय” म्हणाले, आणि बरं वाटल्याच्या दुसऱ्याच पहाटे पुन्हा बाहेर. मी चिडून त्यांचे बूट वॉशिंग मशीनच्या मागे लपवले. तर ते नुसत्या मोज्यांवर जाऊन दंव पडलेल्या गवतावर उभे राहिले.

मी त्यांच्यावर ओरडले. सासऱ्यांवर सून ओरडते तेवढं नाही, त्याहून जास्त. माझ्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. हा माणूस माझ्या अंगणात उभा राहून न्यूमोनिया करून घेणार, हॉस्पिटलात एकटा जाणार, आम्हाला कुणी आत सोडणार नाही, आणि मग गावी फोन करून सासूबाईंना मला ते सांगावं लागणार. ही भीती मी त्यांना तोंडावर सांगितली. आबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. “तुझं बरोबर हाय सूनबाई,” म्हणाले. पण करायचं काय हे दोघांनाही कळत नव्हतं.

शेवटी मी सासूबाईंना फोन केला. त्या धार काढून आल्या होत्या. माझी सगळी तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, “तू हाक कुठनं मारतीस?”

“खिडकीतून.”

“आतनं न्हाय चालत गं. जवळ जावं लागतं. त्यांच्या शेजारी उभं राहायचं, ते बघत्यात तिकडं आपन पन बघायचं. मग सांगायचं, कुणी न्हाय, उजाडलं, चला. की येत्यात. आणि खोटं खोटं बघू नको, त्यांना कळतं.”

भाकरी थापायची रीत सांगावी तशा त्या सांगत होत्या. मी विचारलं, हे त्यांना कुणी शिकवलं. कुणी नाही, म्हणाल्या. लंकेहून आबा पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा अंगणात उभे राहिले ते दुपारपर्यंत. गावात चर्चा झाली, त्यांच्या सासूने देवऋषी बोलवायचं काढलं. “मी आपली ग्येले आन विचारलं, काय बघताय. म्हनले, कुणी येतंय का बघतोय. मग मी पन बघितलं. चांगलं त्या वढ्यापातुर बघितलं. म्हनलं, कुणी न्हाय. तर आलं की घरात.” तेव्हापासून, आबा घरी असले की रोज. बाळंतपण असो, दिवाळी असो, पाहुण्यांनी घर भरलेलं असो.

रात्री नवऱ्याला हे सांगितलं. “मी तर फक्त कॉफी प्यायला जायचो,” म्हणाला. “आई जायची तसं. म्हणायचो, ऑल गुड आबा, कुणी नाही. आय नेव्हर थॉट अबाउट इट.”

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून उठले. मी पुण्याची, पेठेतली, मला सकाळी आठच्या आत कुणी माणसात धरत नाही. नाइटीवर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर नवऱ्याचं जॅकेट अशी बाहेर आले. आबांचे बूट मी आदल्या दिवशीच दाराशी आणून ठेवले होते, ते त्यांनी घातले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वळवली नाही. पूर्वेला थोडं फटफटलं होतं. मी कुंपणावरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, “कुणी नाही आबा, चला.”

“नीट बघ,” ते म्हणाले.

मग मी नीट बघितलं. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन, त्यावर साचलेलं दंव. तीन कचऱ्याचे डबे, एकाचं झाकण उघडं. त्यामागे अर्धवट घरांचे लाकडी सांगाडे, प्रत्येक चौकटीतून पलीकडचं दिसत होतं, तेही बघितलं. मोकळा प्लॉट, वाळकं गवत, खांबावर एक मॅगपाय पक्षी. उजवा कोपरा. इतक्या दिवसांत मी माझ्या घरामागे काय आहे हे कधी बघितलंच नव्हतं.

“कुणी नाही, आबा. उजाडलं.”

त्यांनी एक श्वास सोडला, तो मला ऐकू आला. “चला,” म्हणाले, आणि माझ्या आधी आत गेले.

त्या हिवाळ्यात मी रोज गेले. एकदा तिथेच उभ्या उभ्या त्यांनी लंकेतली ती पहाट सांगितली, मी न विचारता. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही. “भावाभावांचं भांडन. आपण सोडवाय गेलो आन दोघांचाबी मार खाल्ला. आमचा धा जणांचा सेक्शन ताडाच्या बनाच्या कडंला. स्टँड-टूलाच आले ते. माझ्या डावीउजवीकडं कुणी राहिलं न्हाय. एक पोरगा जखमी होता, त्याला वढून मोर्चात घेतला आन ऊन वर येईस्तोवर जागा धरली. स्टँड-डाउन द्यायला, म्हंजी आता मोर्चा सोडा म्हनायला, साहेब मोर्चा-मोर्चाला फिरत येत्यात, स्वतः बघून सांगत्यात. आमचे साहेब वाटंतच पडले हुते. दुसरी कंपनी आली, आमाला ट्रकमधी घातलं. पुढं मेडल दिलं. स्टँड-डाउन कुणी दिलाच न्हाय.”

तो पोरगा जगला का, मी विचारलं. जगला, म्हणाले. कराडला त्याचं टायरचं दुकान आहे, दिवाळीला येतो. आणि आबा हसले.

मला खरं सांगायचं तर, नंतरचे ते महिने माझ्या आयुष्यातल्या चांगल्या महिन्यांतले आहेत. मेथी उदंड आली. अर्धा खड्डा आम्ही बुजवला, अर्धा मुलीने बुजवू दिला नाही. समोरचे गृहस्थ मेथीचे पराठे खायला शिकले. आबा फिट झाले, मी बारीक झाले. पहाटेची ती पाच-दहा मिनिटं आम्ही फारसं बोलायचो नाही. आत येऊन मात्र चहा घेताना गावातल्या सगळ्या भानगडी त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायच्या, आणि त्या सासूबाईंनी सांगितलेल्या भानगडींशी कधीच जुळायच्या नाहीत.

मग एकवीसचा एप्रिल-मे आला. तिकडे पुण्यात माझी आई ऑक्सिजनवर होती. मला जाता येत नव्हतं. रात्री फोन उशाखाली ठेवायचे, तो वाजला नाही तरी दचकून उठायचे. त्या दिवसांत मी अंगणात आबांच्या आधी पोचायचे. ते शेजारी येऊन उभे राहायचे, काही विचारायचे नाहीत, आणि “कुणी नाही” हे मीच म्हणायचे, कारण ते काम माझं होतं. आई बरी झाली. घरी आली, खिचडी नको म्हणून भांडायला लागली, म्हणजे पूर्ण बरी झाली. तरी माझा फोन उशाखालीच राहिला. महिने गेले, सवय गेली नाही. नवरा म्हणायचा, “अगं, आता तरी बाहेर ठेव.” ठेवायचे, आणि अर्ध्या तासाने उठून परत आणायचे.

त्या वर्षाअखेर विमानं सुरू झाली. आबांच्या निघायच्या दिवशी मला गजराआधी जाग आली. बॅग दाराशी होती, बूट दाराशी होते, आबांच्या खोलीत दिवा नव्हता. मी शाल घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्या जागेवर उभी राहिले. इथे तेव्हा उन्हाळा असूनही हवेत गारवा होता. मी कुंपणाकडे बघत होते आणि मला रडू येत होतं. ते जाणार म्हणून येत होतं, आणि दोन वर्षं कशाची तरी वाट बघत उभं राहून पाय दुखले होते म्हणूनही येत होतं.

मागे बुटांचा आवाज आला. आबा येऊन शेजारी उभे राहिले. माझ्या तोंडून नेहमीचे शब्द निघणार, इतक्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग त्यांनी स्वतः बघायला सुरुवात केली. डाव्या कोपऱ्यापासून. ट्रॅम्पोलिन, डबे, आता राहायला लोक आलेली ती नवी घरं, एकेका खिडकीसकट, मोकळा प्लॉट, खांब, उजवा कोपरा. घाई केली नाही. हवालदाराने बघावं तसं बघितलं.

“कुणी न्हाय,” ते म्हणाले. “उजाडलं, पोरी. चल आत.”

मी आत गेले. त्यांनी माझ्यामागे दार लावून घेतलं आणि मी चहा ठेवला.

संध्याकाळी एअरपोर्टवरून परतलो. जेवण झाल्यावर मी फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि खोलीत जाऊन झोपले. सकाळी उठले तेव्हा ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं.